दिव्यांग क्रीडापटूंच्या दुखापती व आरोग्य

दिव्यांगांच्या स्पर्धात्मक खेळांतील दुखापती व आजारांची नोंद ठेवून त्यांची कारणे आणि प्रतिबंधाचे उपाय शोधणारे क्रीडावैद्यकातील अभ्यासक्षेत्र.

या खेळांचा जन्मच रुग्णालयातला. डॉ. लुडविग गुटमन यांनी 1948 मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडविल येथे मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णांच्या स्पर्धा भरवल्या. 1965 च्या युद्धात जायबंदी झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर याच परंपरेतले. 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइल जलतरणात सुवर्णपदक मिळवले. खेळ हाच उपचार मानल्यामुळे असेल, पण खेळामुळे होणाऱ्या इजेकडे मात्र फार उशिरा लक्ष गेले.

2002 च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी स्पर्धेत स्लेज हॉकीपटूंचे (घसरगाडीवर बसून बर्फावर हॉकी खेळणाऱ्यांचे) पाय मोडल्याचे नोंदींतून दिसले आणि संरक्षक साधनांचे नियम बदलले गेले. नोंदीतून थेट नियम बदलल्याचे हे ठळक उदाहरण. 2012 च्या लंडन स्पर्धेपासून संगणकीय नोंदपद्धती आली. एक खेळाडू एक दिवस स्पर्धेत असणे म्हणजे एक ‘खेळाडू-दिवस’. लंडनमध्ये 3,565 खेळाडूंच्या अभ्यासात दर हजार खेळाडू-दिवसांमागे 12.7 दुखापती आढळल्या. अंधांच्या फुटबॉलमध्ये प्रमाण सर्वाधिक होते, तर शरीराच्या भागांत खांदा सर्वांत पुढे होता.

खांद्याचा प्रश्न साधा नाही. व्हीलचेअर ढकलणे, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून शौचालयात जाणे, सारे खांद्याच्याच जोरावर होते. अशा खेळाडूला ‘महिनाभर हाताला आराम द्या’ असे सांगणे म्हणजे त्याचे स्वावलंबनच काढून घेणे होय. म्हणून येथे प्रतिबंधाला उपचारापेक्षा अधिक मोल आहे.

मज्जारज्जूच्या इजेत वेदनेची सूचनाच मिळत नाही. बैठकीखालची त्वचा घासून जखम होते, ठिसूळ झालेले पायाचे हाड मोडते, तरी खेळाडूला कळत नाही. इजेच्या पातळीखाली घामही नीट येत नाही. त्यामुळे उन्हात अंगावर पाणी फवारणे आणि बर्फाचे जाकीट वापरणे गरजेचे ठरते.

सर्वांत धोकादायक प्रकार ‘बूस्टिंग’चा. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याहून वर इजा असल्यास खालच्या भागाला टोचणी लागताच रक्तदाब झपाट्याने चढू शकतो. असा रक्तदाब मुद्दाम चढवून कामगिरी सुधारावी म्हणून काही खेळाडू मूत्राशय तुंबवतात, पट्टे करकचून आवळतात, पायाचे बोटही मोडून घेतात. परिणाम मेंदूतील रक्तस्रावापर्यंत जाऊ शकतो. आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने यावर बंदी घातली असून स्पर्धेपूर्वी रक्तदाब तपासता येतो.

मोठ्या स्पर्धांतील आकडे मात्र वर्षातील काही दिवसांचेच. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या क्रिस्टिना फागर व सहकाऱ्यांनी 107 पॅरा खेळाडूंचा 52 आठवडे मागोवा घेतला. दृष्टिहीन व बौद्धिक अक्षमता असलेल्यांनाही वापरता येईल अशा ऑनलाइन प्रश्नावलीत खेळाडू स्वतःच दर आठवड्याला माहिती भरत. सरावाच्या अतिताणातून हळूहळू वाढणारी दुखणी त्यामुळे नोंदीत आली.

डोक्याला मार लागल्यावरच्या चाचण्याही जशाच्या तशा चालत नाहीत. तोल पाहण्यासाठी एका पायावर उभे राहायला सांगतात; व्हीलचेअरवरच्या खेळाडूने ते करायचे कसे? या विषयातील तज्ज्ञगटाच्या 2021 च्या निवेदनात हंगामापूर्वीच प्रत्येक खेळाडूची नेहमीची स्थिती नोंदवून ठेवण्यावर भर आहे, म्हणजे मार लागल्यावर त्याची तुलना त्याच्याशीच करता येते.