तात्पुरते प्रेमपात्र

संथ गतीने फुलणाऱ्या प्रेमकथेत (हिला आता सर्रास ‘स्लो बर्न’ म्हणतात) नायक-नायिका एकत्र येण्यापूर्वी त्यांच्यापैकी एकाच्या आयुष्यात काही काळासाठी येणारी आणि मुख्य जोडी जुळण्याआधी बाजूला होणारी व्यक्तिरेखा. कादंबरी आणि चित्रपट यांत ती जुनीच आहे; तिची खरी भरभराट झाली ती दूरचित्रवाणी मालिकांत. ही व्यक्ती टिकणार नाही, हे प्रेक्षकाला तिच्या पहिल्याच प्रवेशात कळते. ती कधी आणि कशी जाणार, एवढेच उत्सुकतेचे उरते. खलनायकाप्रमाणे तिला कोणाचे काही बिघडवायचे नसते. आपण कोणाच्या आड येतो आहोत, याची बहुधा तिला कल्पनाही नसते. प्रेमाच्या त्रिकोणात निवड खरोखर खुली असते. इथे निकाल आधीच लागलेला असतो.

संथ प्रेमकथेची मूळ अडचण अशी, की दोघांना एकमेकांची ओढ आहे हे सगळ्यांना दिसत असताना ती बोलत का नाहीत, याचे कारण लेखकाला सतत पुरवत राहावे लागते. घरचा विरोध किंवा एखादा गैरसमज कादंबरीला पुरतो. वर्षानुवर्षे चालणाऱ्या मालिकेला पुरत नाही. मधे एक भला माणूस आणून बसवला, की प्रश्न काही काळ मिटतो, कारण दुसऱ्याशी बांधलेल्या माणसाला मनातले बोलता येत नाही. शिवाय मत्सर जागा होतो, आणि आपण प्रेमात आहोत हे मुख्य पात्राला अनेकदा त्या मत्सरातूनच उमगते.

या युक्तीचा उत्तम नमुना जेन ऑस्टिन यांच्या ‘पर्स्वेजन’ (डिसेंबर १८१७) या कादंबरीत आहे. ॲन एलियट आणि कॅप्टन वेंटवर्थ यांचे ठरलेले लग्न मोडून आठ वर्षे उलटली आहेत. ॲन दुसऱ्याच्या सल्ल्यापुढे नमली, हा वेंटवर्थचा राग. म्हणून परत आल्यावर तो लुइझा मसग्रोव्ह या मुलीच्या ठामपणाचे कौतुक करतो. तोच ठामपणा लुइझाला लाइमच्या धक्क्यावर, सगळे नको म्हणत असताना, पायऱ्यांवरून उडी मारायला लावतो. ती डोक्यावर आपटून बेशुद्ध पडते, इतरांची तारांबळ उडते आणि डोके शांत ठेवते ती ॲन. वेंटवर्थची चूक दाखवायला ऑस्टिनना भाषण लागले नाही, लुइझा पुरली. पुढे वेंटवर्थला कळते, की लोकांनी आपली लुइझाशी गाठ बांधूनच टाकली आहे आणि सभ्य माणूस म्हणून मागे फिरण्याची वाट बंद आहे. त्याची सुटका होते ती लुइझाचे आजारपणात कॅप्टन बेनविकशी जुळल्यामुळे. यात लेखिकेची सोय उघड दिसते, पण खटकत नाही. कारण लुइझालाही जायला चांगली जागा मिळाली आहे. दुसऱ्या बाजूला ॲनचा चुलतभाऊ मिस्टर एलियट तिच्याभोवती घोटाळतो आणि वेंटवर्थला जळवतो. तो मात्र शेवटी कावेबाज निघतो आणि त्यामुळेच लुइझापेक्षा कमी लक्षात राहतो.

हॉलिवूडच्या १९३० च्या दशकातील विनोदी चित्रपटांनी या पात्राला ठरीव चेहरा दिला: सज्जन, सुस्थित, थोडा बावळट. राल्फ बेलामी हा नट या भूमिकांशी इतका एकरूप झाला, की ‘द ऑफुल ट्रूथ’ (१९३७) मधील तशाच भूमिकेसाठी त्याला साहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले. ‘हिज गर्ल फ्रायडे’ (१९४०) मध्ये तो विमा विकणारा वाग्दत्त वर आहे, आणि कॅरी ग्रँटचे पात्र त्याचे वर्णन करताना तो सिनेमातल्या राल्फ बेलामीसारखा दिसतो असे चक्क म्हणते. हा मनुष्य आईला सोबत घेऊन लग्नाला निघालेला असतो. तेवढ्यावरच त्याचा निकाल लागतो.

मालिकांत गणित बदलले. चित्रपटातला बेलामी दीड तास टिकतो. मालिकेतल्या पात्राला आठवड्यामागून आठवडे बघायचे असते, म्हणून त्याला थोडे तरी आवडण्याजोगे करावे लागते. इथे लेखकांची कसोटी लागते. पात्र कंटाळवाणे असेल तर नायिका त्याच्यात अडकलीच कशी असे वाटते, आणि फारच छान असेल तर प्रेक्षक पक्ष बदलतात. ‘मूनलायटिंग’ (१९८५–८९) या अमेरिकी मालिकेत मॅडी आणि डेव्हिड यांच्यामध्ये १९८७ साली सॅम नावाचा अंतराळवीर आणला गेला. डेव्हिडला खरोखर घाबरवील असा तोलामोलाचा प्रतिस्पर्धी होता तो, आणि ते भाग रंगले. पुढच्या हंगामात मॅडीने आगगाडीत भेटलेल्या जवळजवळ अनोळखी माणसाशी लग्न केले, तेव्हा प्रेक्षक वैतागले. सॅमने कथा पुढे नेली होती, या नवऱ्याने ती नुसती थोपवून धरली.

‘द ऑफिस’च्या अमेरिकी आवृत्तीतील कॅरन हे माझ्या मते या प्रकारातले सर्वांत प्रामाणिक पात्र. मुख्य जोडी जिम आणि पॅम यांची. जिम कंपनीच्या दुसऱ्या शाखेत बदलून जातो तिथे त्याला ती भेटते. हुशार, विनोदी, स्वतःचे काम चोख करणारी. तिच्यात काहीही खोट नाही, आणि लेखकांनी ऐनवेळी काढलीही नाही. तिसऱ्या हंगामाच्या शेवटी (२००७) जिम तिला न्यूयॉर्कमध्ये मागे ठेवून पॅमकडे परततो. नंतर ती दुसऱ्या शाखेची व्यवस्थापक म्हणून दिसते, तेव्हा तिला रडू आवरत नाही. मुख्य जोडीच्या सुखाची किंमत कोणीतरी मोजली आहे, हे मालिका लपवत नाही.

‘फ्रेंड्स’मधली एमिली याच्या उलट. १९९८ साली लंडनमध्ये रॉस तिच्याशी लग्न करताना शपथेत रेचलचे, म्हणजे मुख्य जोडीतल्या नायिकेचे, नाव घेतो. अपराध त्याचा, पण पुढच्या हंगामात रेचलला भेटायचे नाही अशा अटी घालणारी म्हणून एमिलीच खडूस ठरते. तिची भूमिका करणाऱ्या हेलन बॅक्सेंडेल त्या काळात गरोदर होत्या आणि चित्रीकरणाला मर्यादा आल्या, हेही त्यामागे होते. पडद्याबाहेरची अशी कारणे या पात्रांचे भवितव्य वरचेवर ठरवतात.

कधी ते उलटही ठरते. एका बारमध्ये घडणाऱ्या ‘चीअर्स’ (१९८२–९३) या मालिकेत सॅम आणि डायन या मुख्य जोडीत अंतर ठेवण्यासाठी १९८४ साली मोजक्या भागांपुरता एक मनोविकारतज्ज्ञ आणला गेला: फ्रेझर क्रेन. डायनने त्याला इटलीत बोहल्यावर सोडले, तेव्हा त्याचे काम संपायला हवे होते. पण तो त्याच बारमध्ये बसून राहिला, १९८७ मध्ये डायन गेली तरी राहिला, आणि १९९३ पासून त्याच्या नावाची स्वतंत्र मालिका अकरा हंगाम चालली. गंमत अशी, की त्या मालिकेत त्याचा भाऊ नाइल्स आणि डॅफ्नी यांचे प्रेम सात हंगाम रखडले, आणि त्यासाठी तिच्या बाजूने डॉनी व त्याच्या बाजूने मेल ही नवी तात्पुरती पात्रे लागली. २००० साली डॅफ्नी लग्नाच्या दिवशी डॉनीला सोडून नाइल्सबरोबर निघून जाते. डॉनी वकील असल्यामुळे सरळ दावा ठोकतो.

आपल्याकडे या पात्राची जागा फार काळ ‘ठरवलेल्या वरा’ने घेतली होती. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्र’ (१८८२) मध्ये बलरामाने सुभद्रेसाठी दुर्योधन ठरवला आहे, पण तिचा कल क्षणभरही त्याच्याकडे नाही. रुक्मिणीच्या कथेतला शिशुपाल तसाच. हे प्रेमपात्र नव्हे, नुसते संकट. तात्पुरते प्रेमपात्र व्हायला नायिकेने स्वतः त्याला होकार द्यावा लागतो, आणि लग्नाआधीचा असा होकार कथेत सहज बसेपर्यंत बराच काळ गेला. ‘कुछ कुछ होता है’ (१९९८) मधला अमन मधल्या पायरीवर आहे: साखरपुडा झालेला, अंजलीने स्वीकारलेला, आणि मांडवात स्वतःहून बाजूला होणारा. सलमान खानला या भूमिकेसाठी साहाय्यक अभिनेत्याचा फिल्मफेअर मिळाला. मराठी दैनंदिन मालिकांत मात्र अशी व्यक्ती फार काळ भली राहू शकत नाही. ट्रॅक (कथेचा तो धागा) लांबला की तिला कारस्थाने सुचू लागतात, आणि प्रेमपात्राची खलनायिका होते.

कोरियन मालिकांतला ‘सेकंड लीड’ (दुसरा नायक) याच घराण्यातला, पण तात्पुरता नव्हे; तो पहिल्या भागापासून शेवटपर्यंत असतो आणि हरतो. ‘रिप्लाय १९८८’ (२०१५–१६) मध्ये नायिकेचा नवरा कोण हेच शेवटपर्यंत झाकून ठेवले होते, त्यामुळे जोंग-ह्वान आणि तेक या दोघांमधला तात्पुरता कोण, यावर प्रेक्षकांत तट पडले. तेक नवरा निघाल्यावरही ते वाद थांबले नाहीत.