खानापूर पट्ट्यातल्या आंबट जमिनीत झाडे आणि चारा: चुना कुठे, रोपे कुठे, कागद कोणते

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीकडे पावसाने मातीतला चुना धुऊन जातो आणि लाल, आम्लधर्मी जमीन मागे उरते. अशा रानात ओळीने झाडे लावून मधल्या पट्ट्यात गवत घ्यायचे, तर आधी माती सुधारायला हवी. मात्र या सगळ्यासाठी एकच अर्ज मिळेल अशा समजुतीने जाल तर हेलपाटेच होतील. चुन्यासाठी कृषी खाते, रोपांसाठी वन खाते, चाऱ्याच्या बियाण्यासाठी पशुसंवर्धन खाते, अशी तीन दारे आहेत.

पहिले काम माती परीक्षण. मार्च ते मे, रान मोकळे असताना करा. एकरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा, सहा इंच खोल खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती तासून घ्या. बांध, उकिरडा आणि झाडाची सावली टाळा. सगळी माती मिसळून अर्धा किलो पिशवीत भरा. खताचे रिकामे पोते मात्र वापरू नका. झाडे लावायची तिथली खोलवरची, तीन फुटांपर्यंतची माती वेगळी द्या. पिशवीत नाव, सर्वे नंबर आणि पुढे काय लावणार याची चिठ्ठी टाका. नमुना कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात द्यावा किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी.

परीक्षणानंतर मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात. आपण आधी सामू, म्हणजे पीएच, बघायचा. तो ५.५ च्या खाली असेल तर ॲल्युमिनियम मुळांना जाचतो आणि घातलेले स्फुरद (फॉस्फरस) मातीतच अडकते. चुन्याची मात्रा नुसत्या सामूवरून ठरत नाही, म्हणून नमुना देतानाच ‘चुन्याची गरज काढून द्या’ असे सांगा.

इथे एक गफलत नेहमी होते. अथणी-रायबागकडचे पाहुणे जिप्सम टाकतात, म्हणून आपणही मागायचे. त्यांची जमीन कालव्याच्या पाण्याने चोपण, म्हणजे खारवट-क्षारयुक्त, झालेली. जिप्समने सामू वाढत नाही, आपल्याला चुना किंवा डोलोमाइटच लागते. साखर कारखान्याची मळी, म्हणजे रस गाळून उरलेला गाळ (प्रेसमड), हीही चुन्याच्या जागी चालेलच असे नाही. रस साफ करण्याच्या दोन पद्धती आहेत: कार्बोनेशन पद्धतीच्या कारखान्याच्या मळीत चुना भरपूर असतो, सल्फिटेशनच्या मळीत तसा नसतो. आधी विचारून घ्या.

सवलतीतल्या चुन्यासाठी फ्रूट्स या कर्नाटक सरकारच्या शेतकरी नोंदणी प्रणालीतला क्रमांक, म्हणजे एफआयडी, हवा. तो नसेल तर आधार, पहाणी (जमिनीचा) उतारा, बँक पासबुक, फोटो आणि लागू असल्यास जातीचा दाखला घेऊन रयत संपर्क केंद्रात काढून घ्या. आपल्या लोकांचे घोडे अडते ते नावावर. उतारा कन्नडमध्ये, आडनाव एका ठिकाणी आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही. उतारा अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारसा नोंद करून घ्या. सामाईक खाते असेल तर भावांची संमती लागेल का, तेही विचारा. चुना शिल्लक आहे का, सवलत किती, हे फोन करून जाणून घ्या, मगच टेम्पो ठरवा.

पेरणीआधी तीन-चार आठवडे चुना मातीत मिसळा. युरिया किंवा डीएपीसोबत एकत्र टाकू नका, नत्र उडून जाते. पूर्ण मात्रा परवडत नसेल तर हेक्टरी दोन ते चार क्विंटल दर हंगामी सरीत दिले तरी चालते. चाऱ्यात स्टायलो हे शेंगवर्गीय पीक अशी जमीन सोसते. सुबाभूळ मात्र आंबट रानात खुरटते.

रोपांसाठी वन खात्याची कृषी अरण्य प्रोत्साह योजना आहे. आपल्या मालकीची जमीन, उतारा, ओळखपत्र आणि पासबुक घेऊन परिक्षेत्र वन कार्यालयात पावसाआधी नोंदणी करा. गायरान यात बसत नाही. रोपे सवलतीत मिळतात आणि जगलेल्या रोपामागे पहिल्या वर्षी ३५, दुसऱ्या वर्षी ४०, तिसऱ्या वर्षी ५० रुपये असा दर आहे, नोंदणीवेळी तो ताडून घ्या. निलगिरीसारख्या काही झाडांना हे पैसे नाहीत, तेव्हा यादी बघूनच जात निवडा. मोजणीत जिवंत रोपच धरतात. म्हणून पहिली तीन वर्षे गुरे आत सोडू नका, गवत कापूनच गोठ्यात घाला.