गाळणीतल्या हिरव्या 'खड्यां'चं रसायन

पित्ताशयातले खडे एका रात्रीत पाडून दाखवणारी रील्स फिरतच असतात. कृती ठरलेली. काही दिवस सफरचंदाचा रस, मग एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट, एक रेचक), रात्री ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस. सकाळी शौचातून हिरवेगार गोळे पडतात, ते धुऊन गाळणीत कॅमेऱ्यासमोर धरले की लाइक्सचा पाऊस. व्हिडिओ बनावट नसतो, गोळेही खरे असतात. फक्त ते खडे नसतात.

एका बाईंनी असेच गोळे फ्रीजरमध्ये जपून डॉक्टरांकडे नेले होते. त्या बाईंनी 600 मिली ऑलिव्ह तेल आणि 300 मिली लिंबाचा रस घेतला होता. 2005 साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तपासणीचा निकाल छापून आला: खरे खडे ज्यांचे बनतात त्यातलं काहीच नाही. कोलेस्टेरॉल नाही, बिलिरुबिन (पित्तातलं रंगद्रव्य) नाही, कॅल्शियमही नाही. 40 अंश सेल्सिअसला दहा मिनिटांत सगळं वितळून हिरवं तेल! शुद्ध कोलेस्टेरॉल वितळायला सुमारे 148 अंश लागतात.

मग हे बनलं कशाचं? तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली तीन मेदाम्लं. लायपेज हे विकर ती जोडणी तोडतं आणि ऑलिव्ह तेलातून मुख्यतः ओलिक आम्ल सुटतं. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचं बायकार्बोनेट आम्लता उतरवतं, तसा ओलिक आम्लाच्या कार्बॉक्सिल (म्हणजे आम्लधर्मी) टोकाचा हायड्रोजन निघून जातो. तिथे लिंबाच्या रसातलं पोटॅशियम जाऊन बसतं. मेदाम्लाचा पोटॅशियम क्षार म्हणजे साबण! संशोधकांनी ओलिक आम्ल, लिंबाचा रस आणि किंचित पोटॅशियम हायड्रॉक्साइड एकत्र करून प्रयोगशाळेतही गोळे बनवले. वाळल्यावर ते टणक झाले. ते पांढरे होते. आतड्यात त्यांना हिरवा रंग चढवतं ते पित्त.

वाडगाभर 'खडे' दाखवणाऱ्यांनी एवढं तरी सांगावं, की जेमतेम 30 ते 50 मिलीच्या पित्ताशयात ते मावले कसे? 'डिटॉक्स' म्हटलं की असले प्रश्न विचारायचे नसतात बहुधा.

गंमत इथे संपते, कारण एवढं तेल पोटात गेलं की कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक पित्ताशय जोरात आवळतं. आत खरा खडा असेल तर तो पित्तनलिकेत अडकून कावीळ किंवा स्वादुपिंडाचा दाह होऊ शकतो. उलट खडा जागचा सरकून कळ आपोआप थांबली, तर श्रेय रसाला मिळतं. खडा मात्र आतच असतो. तो गेला की नाही ते सोनोग्राफीत दिसतं, आणि आधीची-नंतरची सोनोग्राफी या रील्समध्ये मला अजून दिसलेली नाही.