पाच मायक्रॉन म्हणजे नक्की किती?

डिझेल पिकअपला इंधनाचा फिल्टर घ्यायला गेलं की बॉक्सवर मोठ्या अक्षरात '५ मायक्रॉन' (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छापलेलं असतं आणि आपण खूश. शेजारी १० वाला असला तर तो हलका, २ वाला असला तर भारी, असा आपला साधा हिशोब. पण तो आकडा अर्धवट असतो ना! ५ मायक्रॉनचे कण अडवतो हे ठीक, शंभरातले किती अडवतो?

कारण फिल्टरचा कागद म्हणजे पिठाची चाळणी नाही. चाळणीची भोकं एकसारखी असतात, इथे तंतूंचं जंजाळ असतं, कुठे फट मोठी, कुठे बारीक, कण आत शिरतो, वळणावर तंतूला धडकतो, चिकटतो नाहीतर सटकून पुढे जातो. म्हणून टेस्टमध्ये फिल्टरच्या आधी आणि नंतर कण मोजतात आणि सरळ भागाकार करतात, त्याला बीटा रेशो म्हणतात. बीटा २ म्हणजे दोनातला एक निसटला, ५० टक्के. बीटा २०० म्हणजे ९९.५ टक्के अडवले, १००० म्हणजे ९९.९. आता दोन्ही बॉक्सवर '५ मायक्रॉन'च लिहिलंय, पण पहिला बीटा २ वाला आणि दुसरा १००० वाला असेल तर हजार कणांतले पहिल्यातून ५०० पुढे जातात आणि दुसऱ्यातून १. नुसतं 'नॉमिनल', म्हणजे किती टक्के अडवतो ते न सांगता दिलेला ढोबळ आकडा, लिहिलेलं दिसलं की मी तरी तो बॉक्स परत ठेवतो.

एवढी चिकित्सा कशाला, तर कॉमन रेलमुळे, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना (इंजिनात डिझेलचा फवारा मारणारे भाग) एकाच सामायिक नळीतून प्रचंड दाबाचं डिझेल देणाऱ्या पद्धतीमुळे. यात डिझेलचा दाब १६०० ते २००० बार, काहींत त्याहूनही जास्त जातो (हवेचा दाब साधारण १ बार असतो), आणि इंजेक्टरच्या आत सरकणाऱ्या भागांमधली फट असते जेमतेम २ ते ४ मायक्रॉन (केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज घ्या). त्या दाबाखाली बारीक धूळ पॉलिश पेपरसारखी घासते. जुन्या मेकॅनिकल पंपाची गाडी थोडी घाण पचवून घ्यायची, ही नाही पचवत.

मग टाकीपासूनच सगळीकडे २ मायक्रॉनचा लावून टाकू? नाही जमत. पंप डिझेल ओढतो असं आपण म्हणतो पण खरं तर हवेचा दाब ते ढकलत असतो आणि तो दाब आहे १ बारच्या आसपास, म्हणजे पंपाच्या आधी बसणाऱ्या फिल्टरला तेवढ्यातच भागवायचं असतं. तिथे खूप बारीक फिल्टर लावला की तो लवकर चोक होतो, मग गाडी चढावर ओढत नाही, ढिल्या जॉइंटमधून हवा पण आत येते. म्हणून दोन फिल्टर असतील तर आधीचा १० ते ३० मायक्रॉनचा आणि पंप जिथे जोराने ढकलतो तिथे नंतरचा २ ते ५ चा.

आधीच्या फिल्टरचं खरं काम तर पाणी काढायचं आहे आणि याकडेच कुणी बघत नाही. पाणी डिझेलपेक्षा जड, खाली बसणारच, पण कधी? थेंब दहापट लहान झाला की तो शंभरपट हळू बुडतो. १०० मायक्रॉनचा थेंब १० सेंटीमीटर खाली जायला साधारण पाच मिनिटं घेतो, १० मायक्रॉनचा सात-आठ तास! चालत्या गाडीत एवढा वेळ कुठला, म्हणून या आधीच्या फिल्टरचा, म्हणजे वॉटर सेपरेटरचा, कागद पाण्याला अडवतो, लहान थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि मग खालच्या वाटीत पडतात. आणि सेपरेटर पंपाच्या आधी ठेवायचं कारणही हेच, पंपातून गेलं की पाणी घुसळून निघतं आणि थेंब आणखी बारीक होतात. बायोडिझेल मिसळलेल्या इंधनात तर पाणी जास्त घट्ट धरून राहतं, तिथे साधा सेपरेटर कमी पडू शकतो. वाटीत काळा बुळबुळीत गाळ दिसला तर ती नुसती घाण नसते, पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे वाढणारे जीवजंतू असतात ते, आणि फिल्टर बदलून उपयोग नाही, टाकीच धुवावी लागते.

त्यामुळे घेताना बघायचं ते हे: मायक्रॉनच्या जोडीला टक्के किंवा बीटा दिलाय का, पाणी काढायची सोय आहे का, इंजिनाला जेवढा फ्लो लागतो तेवढा हा देतो का, आणि रबर रिंग अगदी त्याच मापाची आहे ना. आत घड्या जास्त असतील तर साधारणपणे चांगलं, कागदाचं क्षेत्रफळ वाढतं आणि घाण साठवायला जागा मिळते.

आणि बसवताना एक चूक हमखास होते, डिझेलच्या लाइनमधली एअर लवकर निघावी म्हणून नव्या बारीक फिल्टरच्या मधल्या भोकातून कॅनमधलं डिझेल ओततात. ते भोक म्हणजे फिल्टरची बाहेर जायची वाट, तिथे ओतलेलं डिझेल न गाळताच थेट इंजेक्टरकडे जातं. त्यापेक्षा रिकामा फिल्टर बसवून डिझेल भरायचा हँड पंप पन्नासदा दाबावा लागला तरी चालेल.