‘कन्व्हर्ट करून दे’ म्हणजे नक्की काय? रीमक्स आणि री-एन्कोड

माझ्या मामेबहिणीचं लग्न २००७ सालचं, सांगलीचं. मामाच्या पंचाहत्तरीसाठी त्या लग्नाच्या डीव्हीडीतले मामाचे प्रसंग वेचून दहा मिनिटांची फिल्म करायची, असं तिच्या मनात आलं. डिस्क लॅपटॉपवर कॉपी केली आणि लगेच फोन. “अरे दादा, यात पाच तुकडे आहेत. सगळं मिळून एकच फाइल कन्व्हर्ट करून दे ना, एडिटिंगला.”

तिच्या वाक्यात कामं दोन होती. तुकडे जोडणं हे एक, आणि व्हिडिओ दुसऱ्या स्वरूपात आणणं हे दुसरं. आपण दोन्हींना ‘कन्व्हर्ट’च म्हणतो आणि तिथेच फसतो. मीही फसलो.

आधी ते पाच तुकडे कसले ते बघू. डीव्हीडीवरच्या ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डरमध्ये तीन जातींच्या फाइली असतात. व्हीओबीमध्ये चित्र आणि आवाज, आयएफओमध्ये कुठला भाग कुठून कुठे जातो याची नोंद, आणि बीयूपी म्हणजे त्या नोंदीची राखीव प्रत. डीव्हीडीच्या नियमाप्रमाणे कुठलीही व्हीओबी १ जीबीच्या वर जात नाही. म्हणून ४.७ जीबीची डिस्क भरलेली असली, की जवळजवळ १ जीबीच्या चार फाइली आणि शेवटी एक लहानशी, असा संसार दिसतो. (नावाच्या शेवटी शून्य असलेली व्हीओबी मेनूची. ती जोडायची नाही.) तोडताना प्रसंग कुठला चाललाय हे कुणी बघत नाही. बहिणीच्या डिस्कवर दुसरी फाइल बावन्नाव्या मिनिटाला संपत होती, ऐन मंगलाष्टकांत: ‘शुभमंगल साव’ एका फाइलीत आणि ‘धान’ पुढच्या.

आता रीमक्स. यात चित्राला हातच लागत नाही. डीव्हीडीवर एमपेग-२ मध्ये दाबून ठेवलेला व्हिडिओ आणि बहुतेक वेळा एसी-३ आवाज जसाच्या तसा उचलायचा आणि दुसऱ्या डब्यात ठेवायचा: एमकेव्ही, एमपीजी, जो लागेल तो. भाजी तीच, डबा दुसरा. री-एन्कोडमध्ये भाजी परत कढईत जाते. प्रत्येक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र, उलगडायची, आणि नव्या कोडेकनं (कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबण्याची पद्धत), समजा एच.२६४ नं, पुन्हा दाबायची. दाबताना बारकावे गळतात आणि गळलेले परत येत नाहीत.

आपल्या हातून यातलं काय झालं, हे बघणं सोपं आहे. रीमक्सला हार्ड डिस्कवरून मिनिट-दोन मिनिटं लागतात, पंखा घरघरत नाही आणि नवी फाइल जुन्या तुकड्यांच्या बेरजेएवढीच भरते. री-एन्कोडला लॅपटॉप तापतो आणि आकार पार बदलतो. खात्रीच करायची तर मीडियाइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर फाइल उघडून कोडेकचं नाव सांगतं. एमपेग व्हिडिओ, व्हर्जन २ दिसलं तर माल मूळचाच.

माझी चूक अशी झाली, की मी सवयीनं हँडब्रेक उघडलं. उत्तम सॉफ्टवेअर आहे, पण ते व्हिडिओ कायम री-एन्कोडच करतं. आवाज तसाच पुढे पाठवता येतो, चित्र नाही. ४ जीबीच्या वरचा ऐवज सुटसुटीत एमपी४ होऊन बाहेर आला. फोनवर छानच दिसला. लॅपटॉपवर पूर्ण पडदाभर लावला तेव्हा अंतरपाट दूर होऊन अक्षता उडतात ती जागा आली. हवेतले तांदळाचे दाणे एमपेग-२ मध्ये आधीच जेमतेम टिकले होते. आता त्यांची पांढरट पेज झाली होती. आणि ही तर दुसरीच दाबणी. बहीण एडिट करून एक्सपोर्ट करणार ती तिसरी, व्हॉट्सअॅपवर कुटुंबाच्या ग्रुपला पाठवणार ती चौथी. झेरॉक्सची झेरॉक्स.

त्याहून मजेशीर गोष्ट पुढे कळली. एडिटिंगसाठी म्हणून केलेली ती फाइल एडिटिंगला मूळ फाइलपेक्षा जड निघाली. पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत, सेकंदाला २५ फ्रेमची) डीव्हीडीत जास्तीत जास्त पंधरा फ्रेमनंतर एक पूर्ण फ्रेम येतेच. मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल नोंदलेले असतात. एच.२६४ च्या नेहमीच्या एक्स२६४ एन्कोडरला मात्र दोन पूर्ण फ्रेममध्ये अडीचशेपर्यंत अंतर ठेवायची मुभा असते. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर दहा सेकंद झाले. टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगच्या पट्टीवर, मध्येच कुठेतरी क्लिक केलं, की एडिटरला (एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला) मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथपासून गणित मांडत यावं लागतं. म्हणून पट्टी अडखळते आणि आपण लॅपटॉपला शिव्या घालतो.

मग जोडायचं कसं? व्हीओबी एकामागून एक चिकटवल्या तरी पुष्कळदा जमून जातं, कारण मुळात तो एकच प्रवाह कापलेला असतो. पण घरच्या डीव्हीडी रेकॉर्डरवर थांबत-थांबत उतरवलेली डिस्क असेल, तर आतलं घड्याळ मध्येच शून्यावर येऊ शकतं आणि नुसतं चिकटवलेल्या फाइलीची लांबी भलतीच दिसते, आवाज ओठांना सोडून जातो. म्हणून आयएफओ वाचून क्रम लावणारं साधन बरं. मेकएमकेव्ही तेच करतं: प्रत्येक टायटलची (डिस्कवरच्या एकेका सलग व्हिडिओची) एक एमकेव्ही, चित्राला धक्का नाही. पाचही तुकडे थेट टाइमलाइनवर ओढून शेजारी-शेजारी लावायचा मोह टाळा. पालची एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, एसी-३ आवाजाचा एक तुकडा ३२ मिलिसेकंदांचा; दोघांच्या कडा सहसा जुळत नाहीत, आणि सांध्यावर ‘टक्’ ऐकू येऊ शकतं. आणि फाइलीचं नाव नुसतं .व्हीओबी वरून .एमपी४ करणं म्हणजे डबा बदलणंही नव्हे, डब्यावरची चिठ्ठी बदलणं. (.एमपीजी केलं तर बऱ्याचदा चालतं, कारण व्हीओबी आतून एमपेगचाच प्रवाह असतो.)

री-एन्कोड लागतच नाही असं नाही. काही एडिटर एमपेग-२ ला हातच लावत नाहीत, काहींवर ते अडखळतं. अशा वेळी करावं, पण एकदाच, आणि जिच्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवली जाते अशा कोडेकमध्ये: प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर. जागेची तयारी ठेवा. पाल आकाराचा साधा प्रोरेस ४२२ सेकंदाला साधारण ४१ मेगाबिट खातो, म्हणजे तासाला १८ जीबीच्या आसपास. त्यातून चित्र सुधारत नाही. आणखी बिघडत नाही, एवढंच.

दोन गोष्टी मात्र री-एन्कोडच्या वाटेवर हमखास हरवतात. पहिली, इंटरलेसिंग. लग्नाच्या डीव्हीडीत सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे खरं तर ५० अर्ध्या फ्रेम, एकाआड एक ओळींच्या. हे न सोडवता चित्र ५७६ ओळींवरून १०८० वर ताणलं, तर दोन क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि मग कुठल्याही फिल्टरनं त्या नीट सुटत नाहीत. सोडवायचंच तर प्रत्येक अर्ध्या फ्रेमची एक पूर्ण करून ५० फ्रेमवर सोडवा, हालचाल शाबूत राहते. दुसरी, पिक्सेलचा आकार. ७२० बाय ५७६ हे चित्र ४:३ दिसायला हवं, पण ही खूण पुसली गेली की चौकोनी पिक्सेल धरून ५:४ दिसतं आणि नवरदेव उंच, सुकलेला होतो. १६:९ डिस्कवर तर तो काडीच होतो. रीमक्समध्ये या खुणा मूळ प्रवाहाबरोबरच येतात.

सिनेमाच्या विकतच्या डीव्हीडींचं प्रकरण वेगळं. त्यांवर बहुधा सीएसएसचं कुलूप असतं, आणि हक्कभंगाच्या हेतूनं असं कुलूप तोडण्याविरुद्ध आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५ए आलं. गावातल्या स्टुडिओनं बर्न करून दिलेल्या लग्नाच्या डिस्कवर असलं काही सहसा नसतं. तिथे खरा शत्रू ओरखडे, म्हणून आधी अख्खं फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवा आणि मगच बाकीचे उद्योग.

बहिणीला मी शेवटी रीमक्स करून दिलं. तिच्या एडिटरनं एमकेव्ही नाकारली, तर तोच प्रवाह एफएफएमपेग या सॉफ्टवेअरच्या कॉपी मोडमध्ये (म्हणजे री-एन्कोड न करता) एमपीजीच्या डब्यात घातला. तो त्यानं मुकाट घेतला. पाठवण्याआधी बावन्नाव्या मिनिटावर जाऊन एकदा ऐकलं. ‘सावधान’ सलग आलं, आणि पाठोपाठ अक्षता, दाणा दाणा वेगळा.