दोघांचंही लोकल, पण कुणाकडचं लोकल?

मी ऑनलाइन घेतलेल्या मुलाखती एडिट करतो. परवा परत एक ड्राइव्हची लिंक आली, सोबत मेसेज, ‘दादा यावेळी सगळं लोकल रेकॉर्ड केलंय, दोघांचे ट्रॅक वेगळे आहेत, एडिट पटकन होईल.’ उघडलं तर एक एमपी४, त्यात दोन चेहरे शेजारीशेजारी चिकटवलेले, आणि दोन एम४ए, म्हणजे नुसत्या आवाजाच्या फाइल. ट्रॅक वेगळे होते, खोटं नाही बोलला तो. पण पाहुण्याच्या ट्रॅकमध्ये बाराव्या मिनिटाला ‘मी सांगलीहून निघ... ...ळी पोचलो’. मधलं गायब. जे कुठल्याच फाइलमध्ये नाही ते मी आणू कुठून?

झूमवर रेकॉर्ड कसं करायचं ते सांगत बसत नाही, लॉकडाऊनमध्ये सगळेच शिकलेत. घोळ ‘लोकल’ या शब्दाचा आहे. झूममध्ये लोकल म्हणजे फाइल क्लाउडवर न जाता रेकॉर्ड दाबणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर सेव्ह होते, बस. रिव्हरसाइड, स्क्वाडकास्ट, झेनकास्टर या खास मुलाखती रेकॉर्ड करायच्या साइट, त्यांच्या भाषेत लोकल म्हणजे प्रत्येकाचा आवाज आणि चेहरा ज्याच्या त्याच्या मशीनवर, माइक-कॅमेऱ्यातून निघाल्या निघाल्या, नेटवर जायच्या आधीच रेकॉर्ड होतो आणि ती फाइल मागाहून अपलोड होते. एकीकडे प्रश्न फाइल ठेवली कुठे एवढाच आहे, दुसरीकडे आवाज पकडला कुठे हा आहे, आणि एडिटरला पहिल्याशी काडीचं घेणंदेणं नाही.

गावाकडच्या आजीच्या ओव्या हव्यात असं समजा. तुम्ही पुण्यात बसून तिचा फोन स्पीकरवर टाकून रेकॉर्ड केला काय आणि चुलतभावाने तिच्या जात्याशेजारी मोबाइल ठेवला काय, दोन्हीकडे ओव्या त्याच, पण पहिल्यात रेंज गेली की ओवीही गेली.

आता म्हणाल, झूममध्ये प्रत्येकाची वेगळी ऑडिओ फाइल करायचं सेटिंग आहे की. आहे, आणि ते चालूच ठेवा, पाहुणा बोलताना तुम्ही खोकलात तर तो खोकला मला उडवता येतो. पण ती वेगळी फाइलही तुमच्याकडेच बनते, म्हणजे पाहुण्याचा आवाज आधी नेटवरून दाबून, नॉइज सप्रेशनने, म्हणजे मागचा गोंगाट काढायच्या नादात, खरवडून, जिथे अडखळला तिथे अडखळून आलेला. वेगळा ट्रॅक म्हणजे मूळ ट्रॅक नव्हे. शंका असेल तर एकच विचारा, कॉलवर पाहुण्याचं चित्र गोठलं त्या पाच सेकंदांत तो जे बोलला ते फाइलमध्ये आहे का? नसेल तर माझ्या हिशेबात ते लोकल नाही, मग स्क्रीनवर काहीही लिहिलेलं असो.

खऱ्या लोकलचीही कटकट आहेच. एका पाहुण्याने ‘चला, धन्यवाद’ म्हणून तिथल्या तिथे लॅपटॉप मिटला, अपलोड अर्धवट, आणि मग रात्री फोन करून ‘काका जरा तोच ब्राउझर परत उघडता का’. नुसता ४८ किलोहर्ट्झ १६ बिट मोनो वेव्ह, म्हणजे एका माइकचा न दाबलेला आवाज, तासाला साधारण ३४५ एमबी होतो, व्हिडिओ त्याच्या कितीतरी पट, तेव्हा अपलोड संपेपर्यंत टॅब बंद करायचा नाही हे सुरुवातीलाच सांगून ठेवा.

आणि हेडफोन. यावर मी भांडायला तयार आहे. पाहुणा स्पीकरवर ऐकत बसला तर तुमचा प्रश्न त्याच्या माइकमध्ये शिरतो आणि वेगळ्या ट्रॅकचा सगळा उपयोग तिथेच संपतो. वायरवाले साधे इयरफोन चालतील, ब्लूटूथवाले नकोत, त्यांचा माइक चालू झाला की बहुतेक वेळा फोनवर बोलल्यासारखाच आवाज येतो.

फोर के की १०८०, क्लाउड की हार्ड डिस्क, यावर वाद घालू नका, १०८० पुरतं. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, तो मात्र दोघांचा एकच ठेवा, २९.९७ ची फाइल ३० ची समजून लावली तर तासाभरात ३.६ सेकंदांचा फरक पडतो, म्हणजे ओठ कुठे आणि शब्द कुठे. फोनवरचा व्हिडिओ बऱ्याचदा व्हेरिएबल, म्हणजे मध्येच बदलणाऱ्या फ्रेम रेटचा असतो, तो आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट, म्हणजे एकसारखा, करून घ्या.

पैसे नसतील तर झूमवरच बोला, दोघांनी आपापला फोन ट्रायपॉडवर लावून व्हिडिओ घ्या, सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी वाजवा. पहिली फाइल एकमेकींशी जुळवायला, शेवटची यासाठी की दोन मशीनची घड्याळं तंतोतंत एकसारखी चालत नाहीत, तासाभरात किती सरकलं ते त्या टाळीवरून कळतं. कॉलचं रेकॉर्डिंगही पाठवा, जुळवायला लागतं.

त्या सांगलीच्या वाक्याचं काय झालं? पाहुण्याकडून तेवढंच वाक्य व्हॉइस नोटवर मागवलं. त्याने ते बहुतेक बाथरूममध्ये उभं राहून म्हटलंय. वरून एसटी स्टँडचा फोटो टाकून दिलाय.