द्राक्षं घाटावरची, लेबल गोव्याचं

गोव्यात कुणी स्पार्कलिंग, म्हणजे फेसाळत्या वाइनचं छोटं लेबल (स्वतःचा ब्रँड) काढतोय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: द्राक्षं कुठली? गोव्यातली नक्कीच नाहीत. वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस आणि बारमाही दमट हवा. अशा हवेत भुरी आणि केवडा हे बुरशीचे रोग वेलीची पाठ सोडत नाहीत. पोर्तुगीज इथे १५१० ते १९६१ होते. वाइन प्यायची सवय त्यांनी लावली, पण मळे काही लावले नाहीत. चर्चमधल्या मिस्सासाठी आणि लग्नाच्या टोस्टसाठी लागणारी बाटली बाहेरूनच यायची. मुक्तीनंतर स्थानिक गोड ‘पोर्ट वाइन’ रुजली, तीही बाहेरच्या द्राक्षांवर. पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेल्या काजूचं मात्र गोंयकारांनी सोनं केलं. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. (काजूबोंडाचाच रस फेसाळता का करू नये, असं विचारणारे भेटतात. त्या रसाचा तुरटपणा एकदा जिभेवर घेऊन बघावा.)

फेसाळत्या वाइनची भारतीय शाळा भरली ती घाटावर. १९८०च्या दशकात नारायणगावच्या इंडाज कंपनीने फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली वाइन काढली आणि ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशात विकली. पुढे कंपनी कर्जात बुडाली, पण हे काम इथे जमतं हे सिद्ध झालं होतं. २००१ साली महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. २०१३ साली मोएत हेनेसी या फ्रेंच कंपनीने नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या द्राक्षांवर शाँदाँ ही फेसाळती वाइन बाजारात आणली. तेव्हापासून बागायतदारालाही कळलं की शनँ ब्लाँ ही पांढऱ्या द्राक्षाची जात आम्लता टिकून असताना, जरा कच्चीच तोडली तरी तिला गिऱ्हाईक आहे.

गोव्याच्या नव्या वाइनमेकरची वाट म्हणून नाशिकवरूनच जाते. आधी तिथल्या एखाद्या वाइनरीत दोन-चार हंगाम नोकरी, मग त्याच ओळखीवर टाक्या आणि तळघराची जागा भाड्याने. स्वतःची वाइनरी बांधायची ऐपत सुरुवातीला नसतेच. म्हणून समोरच्या लेबलवर गोव्याचं चित्र आणि मागे बारीक अक्षरांत नाशिक जिल्ह्याचा पत्ता, अशी बाटली तयार होते. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

खरी मेख पैशात आहे. तयार साध्या वाइनमध्ये लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटलीला क्राऊन झाकण (बिअरच्या बाटलीला असतं तसं) ठोकतात. साखर आंबली की आत सहा वातावरणांइतका दाब तयार होतो. मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षा कितीतरी जास्त. काच जाडच लागते आणि ती महाग पडते. मग बाटल्या थंडाव्यात महिनोन् महिने आडव्या पडून राहतात. मेलेल्या यीस्टचा गाळ वाइनला पावासारखा वास देतो. तोच गाळ नंतर बाटल्या रोज थोड्या फिरवत, कलत्या करत तोंडाशी आणायचा, बाटलीची मान गोठवायची आणि झाकण उडवलं की दाबाने गाळ बाहेर. हाताने हे काम करायला आठवडे जातात. मोठ्या वाइनरीत यंत्र काही दिवसांत उरकतं. टाकीतच फेस आणण्याची स्वस्त पद्धत आहे, आणि हिशेबी माणूस तीच निवडेल. छोटं लेबल काढणारे सहसा हिशेबी नसतात.

या सगळ्या काळात विक्री शून्य, भाडं आणि वीजबिल चालू. त्यात राज्य ओलांडलं की अबकारी खातं वेगळं: गोव्यात लेबलची नोंदणी, आयातीचा परवाना, शुल्क.

शिवाय गोव्याचा खरा खप डिसेंबरचा. जानेवारीत तोडलेली द्राक्षं मार्च-एप्रिलात बाटलीत गेली, तर त्याच वर्षीच्या नाताळापर्यंत गाळावर जेमतेम आठ-नऊ महिने होतात. फ्रान्समधल्या शँपेनचा नियम किमान बारा महिने गाळावर आणि एकूण पंधरा महिने बाटलीत ठेवायला सांगतो. आपल्याकडे तशी सक्ती नाही, त्यामुळे पहिला माल बहुतेक जण त्याच नाताळाला काढतात. पुढच्या डिसेंबरपर्यंत थांबतो तो एकतर घरचा सधन असतो, नाहीतर त्याची दुसरी नोकरी चालू असते.